आशीर्वादाला निघालेली लाल गाडी

कोठारात गाडी एकच मावायची, आणि आर्जियाच्या मते तिथे तिच्या नवऱ्याची, नेल्लोची, दोन माणसांची लाल गाडी, म्हणजे लालीच, उभी राहणार होती. मग जग बुडो. नेल्लो केव्हाच वर गेला. मुलगा लोरिस मात्र सात माणसांची, म्हशीएवढी नवी गाडी घेऊन आला आणि लालीला गिऱ्हाईकही बघून बसला.

"आई, ती सुरू तरी होते का? संत आंतोनियोच्या सणाला, जनावरांच्या आणि गाड्यांच्या आशीर्वादाला, चौकापर्यंत स्वतःच्या जोरावर गेली, तर राहू दे. नाही तर सोमवारी गिऱ्हाईक नेईल."

"तुझा बापही थंडीत लवकर सुरू होत नसे. विकला का मी त्याला?"

सणाच्या सकाळी लाली नुसती खोकली आणि गप्प झाली. लोरिस गालातल्या गालात हसला.

"दात नको दाखवूस. जायचीच असेल तर पाद्रीबाबांच्या हातचं पाणी अंगावर घेऊन जाईल. बांध दोरी."

पुढे लोरिसची ती म्हैस, मागे लाली, सुकाणूवर आर्जिया, मांडीवर पर्स. पुढच्या गाडीत म्हणे सीट गरम होतं. माणसाचं बूड शेकायला यंत्र! नेल्लोच्या गाडीत पोटऱ्या फुकट भाजून निघायच्या.

चर्चच्या उतारावर तिने गुपचूप दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. लाली शिंकली, थरथरली, आणि धाडकन बार काढून सुरू झाली. नेमकी तेव्हाच आशीर्वादाला निघालेली बदकं रस्त्यात आली. लोरिसची गाडी टीं टीं करत आपली आपणच थांबली. आर्जियाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पण तो नेल्लोसारखाच, ऐकायचं सगळं, करायचं सावकाश. ठण्!

"आई! नवीन गाडी आहे!"

"बदक बघून हातपाय गाळते, आणि आणलीस कुठे, तर जनावरांच्या सणाला!"

बदकांमागे शेळ्या, शेळ्यांमागे डुकरं. म्हैस हलेना. तिची भीती घालवायचं बटण गाडीतल्या स्क्रीनवर कुठेतरी होतं, लोरिसला सापडेना.

"दोरी सोड," आर्जिया म्हणाली.

भोंगा वाजवत ती निघाली. लालीच्या आवाजाने डुकरंसुद्धा बाजूला झाली. चौकात पाद्रीबाबा एर्मेस यांनी गाडीवर आणि आर्जियाच्या नव्याने सेट केलेल्या केसांवर सढळ हाताने पाणी शिंपडलं. लोरिस धापा टाकत चालत आला.

"ही स्वतःच्या जोरावर? मी ओढत आणली!"

"तुलाही जन्मताना चिमट्याने ओढूनच बाहेर काढलं होतं. आता चालतोस तो कोणाच्या जोरावर?"

चौक खदखदला. लोरिसने हात टेकले. "बरं बाई. राहू दे कोठारात."

आर्जिया ऐटीत त्या ठेंगण्या गाडीतून उठायला गेली. गुडघे उठेनात. पुन्हा गेली. पाद्रीबाबा सभ्यपणे आभाळाकडे बघू लागले.

"बघतोस काय, मेल्या? ओढ! आणि हिला कोठारात लावून ये, क्लच हळू सोड. मग तुझी म्हैस घेऊन मला न्यायला ये. तोवर मी बाबांकडे वाइन घेते."

लोरिस सुकाणूवर बसला, तशी ती बाहेरून खिडकीत वाकली.

"येताना सीट गरम करून आण."