बाबांचं प्रात्यक्षिक

त्या दिवशी बाबांनी सकाळी सातलाच दाढी उरकून घेतली. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. फोटो काढायला बसल्यासारखे ते खुर्चीत ताठ बसले होते. नेमके आजच लेकीला बाबा जरा गबाळे हवे होते.

बाबा ब्याऐंशीचे, आई अठ्ठ्याहत्तरची. आईचे गुडघे गेलेले आणि तीन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर बाबांचा डावा पाय संपावर. त्यांना उठवायला, अंघोळ घालायला, मोजे चढवायला रोज पैलवान यायचा. हा पैलवान म्हणजे पन्नाशीचा, फुंकर मारली तर उडेल असा मदतनीस. नाव अर्थात बाबांनीच ठेवलेलं. त्याचा पगार लेक भरायची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम, आणि त्यातून मिळालेलं निम्म्याहून जास्त थेट पैलवानाच्या हातात. धाकटा भाऊ परगावाहून सल्ले पाठवायचा. सल्ल्यांत त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

आता शिल्लक संपली होती. सरकारी कचेरीने पैलवानाचा खर्च उचलला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पैलवान बंद आणि लेक नोकरी सोडून घरात. बाबांना किती मदत लागते हे पाहायला दहा वाजता कचेरीतल्या तपासनीस बाई येणार होत्या.

यातलं बाबांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पैलवान आपल्या पेन्शनमध्ये भागतो, अशी त्यांची समजूत लेकीनेच करून दिली होती. कोणीतरी आपली परीक्षा घ्यायला येणार, एवढंच त्यांच्या कानावर घातलेलं. तिथेच घोळ झाला. कारण बाबांनी एकतीस वर्षं लायसन्स मागणाऱ्यांची गाडी चालवण्याची परीक्षा घेतली होती. भल्याभल्यांना नापास करून रडवेलं घरी पाठवणारा माणूस स्वतः नापास व्हायला तयार होईल कसा?

बाई आल्या, बसल्या, फॉर्म काढला. आजची तारीख विचारली. बाबांनी तारीख सांगितली, वार सांगितला आणि न विचारता पंतप्रधानांचं वयही सांगितलं.

"शर्टाची बटणं स्वतः लावता?"

"मग काय शेजारी येतात?" बाबा म्हणाले. आई कौतुकाने हसली. बाईंनी फॉर्मवर खूण केली.

"जरा उठून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवाल?"

बाबा उठले. टेबलाची कड, कपाटाचं हँडल, दाराची चौकट असं करत स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवून चहा केला आणि भरलेला कप एका हातात घेऊन परत आले. थेंब सांडला नाही. बाईंचं पेन भराभर चाललं होतं आणि प्रत्येक खुणेसरशी लेकीची नोकरी हातभर लांब जात होती.

तिने पैलवानाला बाजूला ओढलं. "हे कधी शिकले?"

"पंधरा दिवस चाललंय," पैलवान अभिमानाने कुजबुजला. "वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे याच बाई आल्या होत्या. साहेबांनी सगळे प्रश्न काढून आणायला लावले. रोज वीस वेळा करून घेतलं मी."

"अहो, ते पास झाले तर तुमचं काम जातंय," लेक म्हणाली. पैलवानाने कपाळावर हात मारून घेतला.

तिकडे बाई म्हणत होत्या, "छानच आहे की तब्येत." सहीसाठी त्यांनी फॉर्म बाबांपुढे सरकवला. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, सही करू नका," लेक म्हणाली. "पैलवान तुमच्या पेन्शनमध्ये भागत नाही. कधीच भागत नव्हता. मी देत होते, आता मला जमत नाही. तुम्ही पास झालात तर मला नोकरी सोडावी लागेल."

बाबा हातातल्या पेनाकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपण लावलं.

"बाई," ते म्हणाले, "लोक परीक्षेचा रस्ता पाठ करून यायचे. मी ऐनवेळी एक वळण बदलायला लावायचो, की सगळं उघड व्हायचं. तुम्ही ते केलं नाहीत. मला बाथरूमकडे जायला सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जाऊन दाखवा."

बाबा उठले आणि या खेपेला डावीकडे वळले. तिकडे ना टेबल होतं ना कपाट. भिंतीला तळवे टेकत ते बाथरूमच्या उंबऱ्याशी पोचले. उंबरा चार बोटं उंच. डावा पाय काही उचलेना. एकदा, दोनदा, तीनदा. पैलवान सवयीने पुढे धावला.

"थांब," बाबा म्हणाले. "त्यांना नीट दिसू दे."

ते तसेच उभे राहिले. मांड्या थरथरत होत्या, मान लाल झाली होती. लेकीने तोंड फिरवलं नाही. त्यांना लाज वाटू नये म्हणून ती तीन वर्षं खोटं बोलत आली होती, आणि तिच्यासाठी त्यांनी ती लाज भर खोलीत सगळ्यांपुढे मांडून ठेवली. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

"आता धर," बाबा म्हणाले. पैलवानाने धरलं.

"हे रोजचं?" बाईंनी विचारलं.

"रोजचं. अंघोळ हाच घालतो. मोजे हाच चढवतो. आणि ही बटणं सकाळी त्यानेच लावली, तेही खोडा."

बाईंनी जुना फॉर्म फाडला आणि नवीन काढला. अर्धा तास लिहिलं. जाताना म्हणाल्या, "पंधरा दिवसांत मंजुरीचं पत्र येईल. काळजी करू नका."

दार लागल्यावर बाबा खुर्चीत सैल बसले. पैलवान त्यांचे बूट उतरवू लागला.

"किती मार्कांनी गेलो म्हणे?" त्यांनी आईला विचारलं.

"शून्य मिळालं असेल," आई म्हणाली. "पण अक्षर चांगलं होतं बाईंचं."

लेक हसता हसता डोळे पुसत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"अकरा वाजलेत. कामावर जायचं नाही का तुला?"

"जाते ना," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.