बनाबाईंनी वासावर निवडलेली वाइन

मित्रांनो, मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे. बाटलीचे घट्ट बूच काढायचा पेच. माझे काम मोठ्या माणसांच्या टेबलावरचे. पण माझी गोष्ट एका सणाच्या जेवणाची आहे, म्हणून ती तुम्हीही ऐकायला हरकत नाही.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. पोलादी पिळदार शेपटी आणि शिसवी मूठ, एवढेच माझे शरीर. समज आली तेव्हा मी लष्कराच्या एका ऑफिसर्स मेसमध्ये होतो. तिथे हवालदार हंबीरराव यांच्या हाती माझी मूठ आली. हंबीरराव नेसरीचे. कोणत्या पदार्थाला कोणती वाइन द्यायची, हे ते एकवीस वर्षांत शिकले होते. मासळीला पांढरी, मटणाला तांबडी. मोठ्या खान्याच्या दिवशी आम्ही दोघे तीस तीस बाटल्या उघडत असू. एकदाही बूच तुटले नाही. साहेबलोक त्यांची पाठ थोपटत, तेव्हा मलाही आपली उंची वाढल्यासारखी वाटे.

हंबीरराव निवृत्त झाले तेव्हा मेसने मला त्यांना भेट दिले. त्यांनी कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला घर बांधले. पण त्या घरात मला काम नव्हते. त्यांच्या पत्नी बनाबाई यांचा धाकटा भाऊ, गुंडू, दारूपायी ऐन तिशीत गेला होता. तेव्हापासून बनाबाईंनी उंबऱ्याच्या आत बाटली येऊ दिली नाही, आणि हंबीररावांनीही त्यांचा शब्द कधी मोडला नाही. मी बटणांच्या डब्यात जाऊन पडलो. अकरा वर्षे गेली. अकरा पावसाळ्यांचा गंज माझ्या पिळावर चढला. मला वाईट वाटे, पण बनाबाईंचा राग आला नाही. भावाचा फोटो त्या रोज पदराने पुसत, ते मला डब्याच्या फटीतून दिसत असे.

मग त्यांच्या मुलाचे, राजवर्धनचे, लग्न झाले. सून मेलिता ही गोव्याची. गेल्या वर्षी मेलिताची आई वारली. डिसेंबर आला तसा मेलिताचा चेहरा उतरू लागला. तिचे वडील कायतान नाताळला घरी एकटेच असणार होते.

बनाबाईंच्या ते लगेच ध्यानात आले. "त्यांस्नी हिकडंच बोलीव की! सणाला माणूस एकटं जेवतंय व्हय?"

मग त्यांनी सुनेला विचारले, "तुमच्या जेवणाला काय काय लागतंय?"

मेलिताने एकेक पदार्थ सांगितला आणि ती मध्येच थांबली.

"आणि काय गं?"

"आणि वाइन, आई. पण ती नसली तरी चालेल."

दोन दिवस बनाबाई भावाचा फोटो जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटणांचा डबा उघडला, मला उचलले आणि हंबीररावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"पावण्याच्या सणात खोट नको. माणशी एक पेला, त्याच्यावर थेंब न्हाय. आणि कशाबरोबर काय द्यायचं त्ये मी ठरवणार."

हंबीरराव चकित झाले. "तू? तू तर चाखणार न्हाईस."

"चाखणार न्हाय. पर वास तर येतोय की मला!"

हंबीररावांनी मला राखेने घासले, शेंगतेल चोळले. गंज सगळा गेला नाही, पण पिळाला पुन्हा चमक आली. राजवर्धन शहरातून तीन बाटल्या घेऊन आला. एक तांबडी, एक पांढरी आणि एक पांढरीच, पण जरा गोडसर.

नाताळच्या दुपारी स्वयंपाकघरात मेलिताच्या पदार्थांच्या जोडीला बनाबाईंचा तांबडा रस्साही उकळत होता. शेजारी पांढरा रस्सा आणि सुक्के मटण. हंबीरराव मेसच्या थाटात ताठ उभे राहिले. "मटणाला तांबडी वाइन. एकवीस वर्षं हेच केलंय."

"तुमच्या सायबांच्या मटणात आमची कांदा-लसणाची चटणी हुती का?" बनाबाईंनी विचारले.

त्यांनी तांबडी वाइन नाकाशी नेली आणि लगेच रश्श्याच्या वाफेवर वाकल्या. "ही तुरट हाय. तिखटावर तुरट पडलं की जाळ हुतोय. हिला सुक्क्याबरोबर द्या, त्यात चटणी बेतानं घातलीया. तांबड्या रश्श्याला ती गोडसर द्या, चांगली गार करून. आणि पांढऱ्याला दुसरी पांढरी."

हंबीररावांना ते पटले नाही. त्यांनी हळूच रश्श्याचा भुरका मारला आणि वर तांबड्या वाइनचा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आले, उचकी लागली. मग गोडसर वाइनचा घोट घेतला आणि उचकी थांबली.

"अगं, मेसमध्ये माझ्याऐवजी तुलाच भरती कराय पायजे हुतं!" ते म्हणाले, आणि सगळे घर हसले.

मी मात्र हिरमुसलो. तिन्ही बाटल्यांना फिरकीची झाकणे होती. हाताने पीळ दिला की उघडली. अकरा वर्षांनी बाहेर आलो आणि कुणाला माझी गरजच नव्हती.

जेवण संपत आले. तेव्हा कायतान उठले आणि त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. तिच्या बुचावर मेण होते.

"मेलिताच्या आईनं घरी केलेली. ही शेवटची. एकट्यानं उघडायला हात होत नव्हता," ते म्हणाले.

हंबीररावांनी मला उचलले. बूच मऊ पडले होते. मी अर्धा आत शिरलो आणि ते चिरले. हंबीररावांनी मला सावकाश मागे घेतले, थोडे तिरके धरले आणि पुन्हा फिरवले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. टप्! बूच सबंध बाहेर आले.

"विहीणबाई, ही कशाबरोबर घ्यायची?" कायतान यांनी विचारले.

बनाबाईंनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "पुरणपोळीबरोबर." पण त्यांनी पेला खाली ठेवला नाही. "मनुका हायत ह्यात. दालचिनी. लवंगा, लई न्हाईत, दोन-तीनच. साखर जाळून घातलीया. आणि... गहू! मूठभर गहू हाय बघ."

मेलिता ताडकन उठली. "आईनं हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. लिहूनही ठेवलं नव्हतं." ती धावत जाऊन वही-पेन घेऊन आली. "आई, पुन्हा सांगा. सावकाश."

कायतान डोळे पुसत होते आणि हसतही होते. "गहू! म्हणून ती दरवर्षी वाइन घालायच्या दिवशी मला बाजारात पिटाळायची!"

बनाबाईंनी पेला ओठांना लावला नाही. पुरणपोळीवर तूप वाढत त्या म्हणाल्या, "वाइनची बरणी गोव्यात घाला. ह्या घरात न्हाय. वास घ्यायला मात्र मी येतो."

आता मी कायतान यांच्या घरी, गोव्यात राहतो. हंबीररावांनीच मला त्यांना दिले. मेलिताने आईच्या पद्धतीने भरलेली बरणी माझ्यासमोरच्या फळीवर आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी अवजारे वापरून झाली की पुसा, तेलाचे बोट लावा. गंज लागायला वेळ लागत नाही. आणि तुमच्या घरात कुणाच्या हाताला काही खास चव असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून ते विचारून घ्या. प्रत्येक घराला बनाबाईंचे नाक मिळत नाही.