एकदाच वाजणारी टेप

टेप रात्रभर फळं सुकवायच्या यंत्रात ठेवली होती. एरवी त्यात सफरचंदाच्या चकत्या असतात. "ओल गेलीय, पण टेपवरचा चुंबकी थर सुटत चाललाय," ध्वनितंत्रज्ञ व्लादिमीर म्हणाला. "एकदा वाजेल, तेवढ्यातच उतरवून घ्यायचं. दुसऱ्यांदा वाजेल असं धरून चालू नका."

वालपराइसोच्या टेकडीवरच्या याच घरात, तळमजल्याच्या खोलीत, आईनं १९८६ साली उसन्या सिंथेसायझरवर ती गाणी एकटीनं ध्वनिमुद्रित केली होती. तेव्हा पन्नास कॅसेट निघाल्या, ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या. आता सांतियागोच्या एका छोट्या कंपनीला त्यांची तबकडी काढायची होती, आणि मूळ टेप एवढी एकच.

"हे काय घुरघुरतंय?" व्लादिमीरनं विचारलं.

बेबी मॉनिटर. वर माझा अमारो झोपला होता. मागच्या महिन्यात त्याला तापात आकडी आली, तेव्हापासून ते यंत्र माझ्या कमरेलाच असतं.

"बंद कर, इर्मा. नाहीतर त्याच्या लहरी वायरींत शिरतील आणि तबकडीवर हीच घुरघुर ऐकतील लोक."

"मी बसते ना त्याच्यापाशी," आई म्हणाली.

"आई, तुला दाराची घंटा ऐकू येत नाही!"

"घंटा दिसत नाही गं. पोर दिसतं. डोळे शाबूत आहेत माझे."

ती जिना चढून गेली. मी मॉनिटर बंद केला. फिरत्या टेपला मऊ कापड हलकेच टेकवून धरायचं होतं, सुटणारा तपकिरी भुगा पुसला जावा म्हणून. चोवीस मिनिटं. हात हलला तर टेप गुंतणार.

तिसऱ्या गाण्यात रडणं ऐकू आलं.

स्पीकरमधून की वरून? "व्लादिमीर!" त्याच्या कानांवर हेडफोन, पाठ माझ्याकडे. रडणं वाढलं. आईचा सूर मध्येच थांबला, नुसते सिंथेसायझरचे ठोके उरले. टक, टक, टक. कापडाखाली माझी बोटं बधिर झाली. मी जागची हलले नाही. बऱ्याच वेळानं, लांबून, एका तरुण बाईचा आवाज आला: "आले गं इर्मा, आले."

टेप संपल्यावर मी धावत वर गेले. अमारो गाढ झोपला होता, त्याच्या पोटावर आईचा हात होता.

"तिसऱ्या गाण्यात मी रडतेय," मी म्हणाले.

"दात येत होते तुला. सगळं तसंच चालू टाकून पळाले मी."

व्लादिमीर जिन्यावरून आईला ओरडून म्हणाला, "दोन्या नेलिदा, तो नुसत्या ठोक्यांचा भाग काय धाडसी आहे हो!"

"धाडस डोंबलाचं," आई हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घाबरली असशील ना तू? अमारोच रडतोय असं वाटलं असेल."

"छे. लगेच कळलं मला, टेपवरचं आहे ते."

आणि मी अमारोचा निसटलेला मोजा नीट करत बसले.