सोडलं की सोडणार

भाऊसो खरात बावीस वर्षं सांगलीच्या एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होता. सभा कुणाचीही असो, पुढच्या रांगेत उजव्या कडेची खुर्ची त्याची. मोबाइलवर आवाज टिपून घ्यायची त्याला सवयच नव्हती. लाल पुठ्ठ्याच्या वहीत भराभर शब्द लिहायचे आणि संध्याकाळी बातमी पाठवायची. ‘भाऊसोनं लिहिलं म्हणजे माणूस तसंच बोलला,’ असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून त्याला बरं वाटायचं.

आमदार लालासाहेब पाच वेळा निवडून आलेले. वय एक्याऐंशी. भाऊसोचे वडील गेले तेव्हा हा माणूस गाडी ओढ्याअलीकडं सोडून गुडघाभर चिखलातून चालत आला होता, ते भाऊसो विसरला नव्हता. पण गेल्या दीड वर्षात लालासाहेबांचं भाषण मध्येच अडायला लागलं होतं. एकदा तर त्यांनी वारलेल्या सरपंचाला सत्कारासाठी स्टेजवर बोलावलं. लोकांनी माना खाली घातल्या.

भाऊसोनं त्या दिवशी बातमीत हयात सरपंचाचं नाव घातलं. पुढच्या खेपेला एक तारीख नीट केली. मग कुठं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. म्हाताऱ्या माणसाची अब्रू चारचौघांत कशाला घालवायची, एवढाच त्याचा हिशेब. सांगली-कराडकडचे लोक पेपर वाचून म्हणायचे, ‘या वयात काय बोलतोय गडी!’

एप्रिलातल्या एका सकाळी भाऊसो अंगणात दात घासत होता, तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, उन्हानं रापलेली, हातात चार घड्या घातलेला कागद.

“पेपरवालं भाऊसो तुमीच न्हवं?”

“व्हय मावशी. या की आत.”

“बसाय आले न्हाई. मी हिवतळची बनाबाई. ह्ये तुमी लिवलंय का बघा.”

ऑक्टोबरमधलं कात्रण होतं. ‘हिवतळच्या तलावात मार्चपर्यंत पाणी सोडणार : लालासाहेबांची घोषणा.’ खाली भाऊसोचं नाव.

“मीच लिहिलंय.”

“मग त्यो असं कवा म्हणला?” बनाबाईनं आवाज चढवला नाही. “मी त्या सभेला म्होरंच बसले हुते. माझ्या कानावर असलं काय आलं न्हाई. पर दुसऱ्या दिशी पेपरात बघितलं आन् म्हणलं, बने, तुजंच कान गेलं. छापून आलंय म्हंजे त्यो म्हणलाच असंल.”

भाऊसोच्या तोंडातला फेस तसाच राहिला.

तिनं सगळं सांगितलं. हिवतळची मेंढरं दरसाल दिवाळीनंतर कृष्णाकाठाला चरायला जातात. यंदा पाणी येणार म्हणून पाच घरं गावातच थांबली. मका पेरला, चाऱ्याची ज्वारी पेरली. मार्च गेला. तलावाला भेगा पडल्या, रान वाळून गेलं, आणि बनाबाईला तीस मेंढरं बाजारात न्यावी लागली.

“मेंढरांचं जाऊं द्या. पर सहा म्हैनं मी माझ्या कानावर इस्वास ठिवला न्हाई, भाऊ. ह्ये लय वाईट झालं.”

ती चहा न घेताच गेली. भाऊसोनं कपाटातून जुन्या वह्या काढल्या. त्या तारखेचं पान सापडलं. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘तुमच्या गावाला पाणी सोडलं. मार्चात सोडलं. तुम्ही मला पेढे दिले.’

लालासाहेब बोलत होते ते दुसऱ्याच गावाबद्दल. माळेवस्तीला बारा वर्षांपूर्वी खरंच पाणी आलं होतं, पेढे वाटले होते. म्हातारा मनानं तिथं जाऊन पोचला होता. भाऊसोनं ‘सोडलं’चं ‘सोडणार’ केलं, पेढे गाळले आणि वर घोषणेचा मथळा चढवला. दुपारी तो पाटबंधारे खात्यात जाऊन आला. हिवतळच्या नावाचा साधा प्रस्तावसुद्धा तिथं नव्हता. कुणी दिलाच नव्हता.

त्यानं संपादक ऋषिराजला फोन लावला. ऋषिराज त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“दादा, किती बातम्या अशा?”

“वह्या कात्रणांशी ताडून बघितल्या. नऊ.”



“छापायचं,” ऋषिराज म्हणाला. “पण त्यांना काय आजार आहे हे तुम्ही लिहायचं नाही. तुम्ही डॉक्टर नाही, मीही नाही. ते काय बोलले आणि तुम्ही काय लिहिलं, तेवढंच. आणि आधी त्यांना जाऊन सांगा. पेपरात वाचून कळायला नको.”

दुसऱ्या दिवशी भाऊसो लालासाहेबांच्या घरी गेला. पुतण्या पृथ्वीराज पुढच्या खोलीतच बसला होता. साहेबांच्या गाठीभेटी, फोन, सह्या, सगळं आता तोच बघायचा. येण्याचं कारण ऐकून त्याचा चेहरा कडक झाला.

“भाऊसो, घरातल्यासारखं वागवलं तुमाला. आन् आता काकांच्या तब्येतीचा बाजार मांडताय?”

“चूक माझी हाय, पृथ्वीराज. ती सांगायला आलोय.”

“काका झोपल्यात.”

“कोण झोपलंय?” आतून आवाज आला. लालासाहेबांच्या पत्नी साळूबाई दारात आल्या होत्या. “आत ये रं भाऊसो. सकाळच्या पारी त्यांना समदं उमगतं.”

लालासाहेब मागच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर पेपर. भाऊसो समोर पायरीवर बसला आणि वही उघडून दोन्ही मजकूर वाचून दाखवले. आधी वहीतला, मग छापलेला. मग हिवतळच्या बनाबाईचं सगळं सांगितलं.

म्हातारा रागावेल, असं त्याला वाटलं होतं. लालासाहेब रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“मला संशय हुता,” ते सावकाश म्हणाले. “सभेहून आलो की वाटायचं, आज कायतरी बिघडलं. लोकांची तोंडं दिसायची की. रातभर डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. मग सकाळी तुझा पेपर वाचायचो. वाटायचं, छ्या, बरं बोललो की मी.”

भाऊसोनं छापलेला अंक घडी घालून बाजूला ठेवला.

“ही मला दोनदा म्हणली, डॉक्टरला दावू.” त्यांनी साळूबाईंकडं बोट केलं. “मी म्हणलं, पेपर वाच. त्यात काय खोट दिसती का तुला?”

साळूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

“म्या तुमची अब्रू राखायला गेलो, साहेब.”

“व्हय रं. पर हिवतळच्या बाईला कोण इचारणार?” लालासाहेबांनी वहीसाठी हात पुढं केला. ते पान त्यांनी बोट फिरवत स्वतः वाचलं. “पेढे,” ते म्हणाले आणि हसले. “लय गोड हुते रं ते पेढे. छाप तू. जे हाय ते छाप. माझ्या तब्येतीचं मी सांगीन. आदी मला कळू तर दे.”

शुक्रवारी पहिल्या पानावर खुलासा आला. नऊ सभा, नऊ तारखा, बोललेलं आणि छापलेलं शेजारी शेजारी. शेवटी भाऊसोनं नावानिशी माफी मागितली होती, हिवतळच्या बनाबाईंची आणि वाचकांची. आजाराबद्दल अवाक्षर नव्हतं.

दिवसभर फोन वाजत होता. कार्यकर्त्यांनी शिव्या घातल्या, विरोधकांनी मिठाई पाठवली. भाऊसोनं ती परत केली. चौकातल्या स्टॉलवर कुणीतरी अंकांचा गठ्ठा फाडून टाकला. विरोधी गटाचा एकजण म्हणाला, ‘वेड लागलंय असं स्पष्ट लिही की!’ भाऊसो म्हणाला, ‘ते मला ठाऊक न्हाई. जे ठाऊक हाय ते लिहिलंय.’ त्याची बायको मात्र रात्री म्हणाली, “बऱ्याच महिन्यांनी आज तुमी पोटभर जेवलात.”

पंधरा दिवसांनी लालासाहेबांचं निवेदन आलं. डॉक्टरांकडं तपासणी झाली आहे, विसरण्याचा आजार सुरू झाला आहे, औषध चालू आहे, पुढची निवडणूक लढवणार नाही. उरलेल्या मुदतीत कोणताही कागद साळूबाई मोठ्यानं वाचून दाखवतील, तेव्हाच सही होईल. शेवटची ओळ त्यांच्या हातची होती : ‘हिवतळचा प्रस्ताव मी आज दिला आहे.’ पृथ्वीराजनं ती गाळायचा प्रयत्न केला होता म्हणे. साळूबाईंनी पाकीट स्वतः भाऊसोच्या हातात दिलं.

जूनमध्ये हिवतळला मोजणीची माणसं आली. भाऊसो बातमीला गेला तेव्हा तलावाच्या बांधावर अर्धं गाव जमलं होतं. अभियंता तरुण होता. तो म्हणाला, मंजुरीला वेळ लागेल, दोन वर्षंही लागतील, आत्ता मी फक्त मोजतोय. लोक जरा हिरमुसले. बनाबाई मात्र गर्दीतून पुढं आली.

“दोन वर्सं म्हणला न्हवं?”

“हो. जास्तही लागतील.”

ती भाऊसोकडं वळली. “मला बी तसंच ऐकाय आलं. लिवा.”

भाऊसोनं लिहिलं. ती शेजारी उभी राहून शब्द न् शब्द बघत होती. मग म्हणाली, “यंदा दिवाळी झाली की मेंढरं कृष्णाकाठाला न्हेणार. पाणी येईल तवा येईल. चला, आज तरी चहा घ्या.”