व्हॅम्पायरचं नाक

मंजुळाबाईंना सुनेचा हा नाद मुळीच पसंत नव्हता. ऑफिसातून यावं, चहा प्यावा, चार गोष्टी कराव्यात. तर ही आपली ठाण्यात कोपरीच्या दोन खोल्यांत टेबलाला चिकटून छोटी विमानं जुळवायला प्लास्टिकचे तुकडे घासत बसायची. रंगाच्या वासानं डोकं उठायचं नुसतं. पण खरं सांगायचं तर, रचनाचे हात चालायला लागले की मंजुळाबाईंची नजर हटायची नाही. पायलटच्या खुर्चीचा तांदळाएवढा पट्टा चिमट्यानं असा बसवायची, की सोनारानं तोंडात बोट घालावं!

या वेळचं विमान होतं व्हॅम्पायर, आपल्या हवाई दलाचं पहिलंवहिलं लढाऊ जेट. रचनाचे वडील दौलतराव एअरफोर्सच्या नोकरीत याच विमानांची देखभाल करायचे. आता काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. ती पुरती जायच्या आत हे विमान त्यांना दाखवायचं, एवढाच पोरीला ध्यास. रविवारी ते डोंबिवलीहून जेवायला येणार होते.

शुक्रवारी चंदेरी रंग वाळला. रचनानं विमान चाकांवर ठेवलं, तर ते टुणकन शेपटीवर बसलं. नाक आभाळाकडे!

"अगं आई गं!" रचनानं कपाळावर हात मारला. "नाकात वजन भरायचंच राहिलं."

विमानाचे दोन अर्धे भाग चिकटवायच्या आधी नाकात शिसं भरायचं असतं, नाहीतर मागची बाजू जड होते. इतकी विमानं केली, कधी चुकली नाही. वडिलांचं करताना घाईत नेमकी विसरली.

"चाकं एखाद्या फळीला चिकटवून टाक ना," प्रफुल्ल, तिचा नवरा, म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना रे."

आणि तिनं बारीक करवत उचलली. एवढं खपून केलेलं काम बया स्वतःच्या हातानं कापत होती! चेंदणी कोळीवाड्यातून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले, नाकात ठासले, सांधा भरला, घासला, पुन्हा घासला. चंदेरी रंग एक ओरखडा लपवत नाही म्हणे. मग सगळं विमान नव्यानं रंगवलं. त्या दोन दिवसांत मंजुळाबाईंनी तिला एका भांड्याला हात लावू दिला नाही.

रविवारी दौलतराव आले. जय भीम झाला, पाणी झालं. रचनानं विमान समोर ठेवलं, तर ते भलतीकडेच बघत राहिले. सगळ्यांना कळायचं ते कळलं. तिनं त्यांचा हात धरून विमानावर ठेवला.

बोटं पंखांवरून शेपटीपर्यंत गेली. तिथं त्यांनी हलकेच दाबलं. नाक वर झालं. बोट काढताच विमान पुन्हा पुढच्या चाकावर टेकलं. मंजुळाबाईंनी लेकाकडे असं काही बघितलं, की तो उगाच स्वयंपाकघरात गेला.

"भार बरोबर आहे गं पोरी," दौलतराव म्हणाले. "अगदी बरोबर. रंग चंदेरीच ना?"

रचनानं नुसती मान हलवली.

"चंदेरी म्हणजे काय, व्याही!" मंजुळाबाई पुढे सरकल्या. "तुमचं तोंड दिसतंय त्यात. हसताय तुम्ही."