चौकटीत बसवलेली सीडी

मित्रांनो, कळमनुरी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर देविदासचं घर आहे आणि त्या घरात दारासमोरच्या भिंतीला एक खिळा आहे. त्या खिळ्यावर आठ वर्षं टांगलेली जुनी सीडी ती मीच. माझा हिरवट रंग आता उडाला आहे आणि काठाजवळ नखाएवढं आरपार दिसतं. तरीही मला माझी हकिकत सांगायची आहे, कारण मी काय सांभाळलं आणि काय सांडलं, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

मला कळायला लागलं तेव्हा मी वारंगा फाट्यावर अद्वैतच्या दुकानात, पन्नास बहिणींबरोबर एका प्लॅस्टिकच्या दांड्यावर रचलेली होते. साल २००१. अद्वैत हा हिंगोलीच्या एका देवळातले पुजारी व्यंकटराव यांचा मुलगा. देवळात बसायचं सोडून हा फाट्यावर कंप्युटर मांडून बसला, म्हणून घरी थोडी कुरकुर होती. लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि सीडी राईट करून देणं हा त्याचा धंदा. मी तेव्हा अगदी कोरी होते आणि त्या कोरेपणाचा मला भारी तोरा होता.

एका दुपारी देविदास आला. त्याने रुमालाची गाठ सोडून एक कॅसेट काढली आणि टेबलावर अशी ठेवली, जणू ती दुधाने भरलेली होती. त्याची बायको धुरपताबाई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. जाण्याआधी तिने शेजारणीचा टेपरेकॉर्डर उशाशी घेऊन ही कॅसेट भरली होती.

त्या कॅसेटमध्ये ढावलो होता. तांड्यावर नवरी सासरी निघाली की भावाच्या, बापाच्या, आईच्या गळ्यात पडून रडत गाते, ते हे गाणं. ते आधी शिकावं लागतं आणि मुलीला शिकवते ती तिची आई. धुरपताबाईची पूजा तेव्हा दहा वर्षांची होती. आपण तिच्या लग्नापर्यंत पुरणार नाही हे धुरपताबाईला कळलं होतं, म्हणून तिने आठ वर्षांनंतरची शिकवणी आधीच देऊन ठेवली.

अद्वैतने मला राईटरमध्ये सरकवलं. मित्रांनो, छापील सीडीच्या अंगावर खुणा ठोकून बसवलेल्या असतात. आमचं तसं नाही. आमच्या पोटात रंगाचा एक पातळ थर असतो आणि यंत्रातला किरण तो थर जागोजागी भाजत जातो. चटके बसत होते, पण मी ऐकत होते. धुरपताबाई गात होती, खोकत होती, मध्येच थांबून मुलीला समजावत होती. घरात ही मंडळी गोरमाटी बोलतात, मी ते तुमच्यासाठी मराठीत सांगते.

‘‘इथं श्वास घे, पोरी,’’ ती म्हणत होती. ‘‘रडू आलं तर रड, पन सूर सोडू नको.’’

आधी भावाच्या गळ्यात पडायचं गाणं, मग बापाच्या. आईच्या गळ्यात पडायचं गाणं तिने शेवटी ठेवलं होतं. आमच्यात लिहायला मधल्या भोकापासून सुरुवात होते आणि लिहिणं बाहेर सरकत जातं, त्यामुळे ते शेवटचं गाणं माझ्या काठाला आलं. त्या दिवशी माझा तोरा उतरला आणि मला जबाबदारी कळली.

सीडी किती दिवस टिकेल, असं देविदासने विचारलं. शंभर वर्षं, असं अद्वैतने बेधडक सांगून टाकलं. कॅसेटची फीत गुंतते, तुटते, सीडीला काय होतंय, असंही वर म्हणाला. देविदासला ते पटलं. घरी जाऊन त्याने कॅसेट थोरल्या मुलाला, जगनला, देऊन टाकली. जगनने तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. अद्वैतच्या कंप्युटरमध्ये जागा नसायची, तो रोजचं काम रोज पुसायचा. म्हणजे आठवड्याभरात धुरपताबाईचा आवाज जगात फक्त माझ्या पोटात उरला.

आणि मग देविदासने काय केलं, ऐका. धुरपताबाईचा एकही फोटो घरात नव्हता. तिने आयुष्यात कधी काढलाच नव्हता. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर हवा, आणि फोटो नाही तर आवाज तर आहे, असा विचार करून त्याने मला कळमनुरीला नेलं आणि चौकटीत बसवून आणलं. पाठीला भरपूर डिंक लावून मला पुठ्ठ्यावर चिकटवलं, चकाकती बाजू पुढे, वर काच. चकाकत्या बाजूला जपलं की झालं, असंच सगळ्यांना वाटे. आमचा खरा जीव पाठीच्या पापुद्र्याखाली असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दारासमोर मला टांगलं, हार घातला. सकाळचं ऊन सरळ माझ्यावर यायचं. पूजा माझ्यात बघून वेण्या घालायची, आणि निघताना आईला सांगावं तसं मला सांगून शाळेत जायची. मला त्या घराचा फार लळा लागला. मात्र तेच ऊन माझ्या पोटातला रंग रोज थोडा थोडा पिऊन टाकत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

पुढे जगनने घरी सीडी प्लेअर आणला. एकदा लावून बघू, असं तो म्हणालाही. पण गेलेल्या माणसाला भिंतीवरून खाली काढायचं नसतं, म्हणून देविदास तयार झाला नाही. मला वाजवलं असतं तर माझं दुखणं तेव्हाच कळलं असतं.

२००९ साली पूजाचं लग्न ठरलं. तांड्यावरची रूपाबाई ढावलो शिकवायला आपणहून आली. पूजाने तिच्या पाया पडून सांगितलं की मी माझ्या याडीचाच शिकणार. याडी म्हणजे आई. तेव्हा कुठे देविदासने मला खिळ्यावरून काढलं आणि बापलेक मला छातीशी धरून फाट्यावर आले.

अद्वैतच्या दुकानात आता मोबाईलच्या कार्डात गाणी भरून देत. चौकट बघून त्याचा चेहराच उतरला. त्याने काच काढली, ओल्या फडक्याने पुठ्ठा भिजवला, ब्लेडने हळूहळू सोडवला. तरी काठाजवळचा एक चंदेरी पापुद्रा पुठ्ठ्यालाच राहिला. मला यंत्रात घातलं. मी अडखळत का होईना, गाऊ लागले. आठ वर्षांनी आईचा आवाज ऐकून पूजा टेबलाला धरून उभी राहिली. भावाचं गाणं झालं, बापाचं झालं. मग धुरपताबाई म्हणाली, आता माझ्या गळ्यात पडायचं, नीट ऐक. आणि मी थांबले.

यंत्राने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. पण मी मिनिटाला शेकडो गिरक्या घेते आणि प्रत्येक गिरकीला ती उघडी जागा पुढे यायची. अद्वैतने दुसरं यंत्र लावलं, वेग कमी केला, तिसरं यंत्र कोणाकडून तरी मागून आणलं. दिवस मावळला तरी शेवटची आठ मिनिटं हाती लागली नाहीत.

‘‘तुमी तर शंभर वर्सं म्हनले होते,’’ देविदास म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

‘‘म्हणलो होतो, देविदासभाऊ. मला कोणी सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं. शंभर वर्षं थांबून कोणीच बघितलं नव्हतं.’’ अद्वैत मान खाली घालून बोलला. ‘‘कॅसेट जपून ठेवा म्हणायला पाहिजे होतं. चुकलं माझं.’’

‘‘म्याच डिंक लावून घेतला,’’ देविदास म्हणाला.

पूजाने डोळे पुसले. ‘‘काका, जेवढं हाय तेवढं द्या. बाकीचं मी बघीन.’’

अद्वैतने जेवढं निघालं तेवढ्याच्या तीन प्रती केल्या. एक पूजाला, एक जगनला, एक स्वतःच्या कंप्युटरमध्ये. दर दिवाळीला लावून बघा आणि जरा अडखळली की नवी करून न्या, असं त्याने दोनदा बजावलं. मित्रांनो, माझंही तुम्हाला एवढंच मागणं आहे. घरी राईट केलेल्या सीडीचं आयुष्य कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. आम्हाला उन्हात टांगू नका, पाठीला डिंक लावू नका, आणि एकीच्या भरवशावर कोणाचा आवाज ठेवू नका. आमची पूजा नको, आम्हाला वाजवा.

लग्नाच्या दिवशी मी पुन्हा खिळ्यावर होते, काचेविना. पूजा जगनच्या गळ्यात पडून गायली, देविदासच्या गळ्यात पडून गायली, आणि सगळा तांडा रडला. मग तिने घरात येऊन मला खाली काढलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आईच्या गळ्यात पडायचं गाणं सुरू केलं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. शब्द तिचे तीच जुळवत होती. मागे जगन मोबाईल धरून उभा होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्या गाण्याच्याही तीन प्रती झाल्या.

धुरपताबाईचं ते गाणं काय होतं, हे फक्त मला माहीत आहे. पूजाने गायलं ते वेगळं होतं, एकही ओळ जुळत नव्हती. पण आईने जिथे जिथे श्वास घेतला होता, बरोबर तिथे तिथे लेकीनेही घेतला.