नातीची आंघोळ

"माय, तू नंदाबाईच्या इथं हायेस का? मंग नंतर लावते."

"थांब, ठेवू नको," मालनबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात तेलानं माखले होते. न्हाणीत पाटावर बसून तिनं पाय पसरले होते आणि त्या पायांवर नंदाबाईचा महिन्याचा नातू पालथा पडला होता. फोन नंदाबाईनं तिच्या तोंडासमोर धरला होता. पडद्यावर शीतल होती, केस न विंचरलेली. तिच्या खांद्यावर बारा दिवसांची पोर जीव खाऊन रडत होती.

"काहून रडून राह्यली ती?"

"रात्रीपासून अशीच. अंगद आत्ता कामावर गेले. मला काही समजून न्हाई राह्यलं, माय."

आष्टीत मालनबाई सव्वीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत आली होती. गावच्या शाळेत बसणाऱ्या निम्म्या पोरांची डोकी आपणच गोल केली, असं ती म्हणे आणि कुणी ते खोडून काढत नसे. तिची एकुलती एक लेक मात्र जर्मनीत बाळंत झाली. शीतल जालन्यात नर्सिंग शिकली, भाषेची परीक्षा पास झाली आणि तिथल्या वृद्धाश्रमात लागली, त्याला तीन वर्षं झाली होती. मालनबाई बाळंतपणाला जाणार होती. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली होती. पण व्हिसा आला नाही. मुदत संपल्यावर तुम्ही परत याल याची खात्री वाटत नाही, असं कागदावर लिहिलं होतं.

"आष्टी सोडून मी तिथं काय करू?" तिनं तो कागद घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला विचारलं होतं. तो पुढच्या घराकडे निघून गेला.

"तिला आंघोळ घातली का?" आता ती शीतलला विचारत होती.

"इथली सुईण घरी येती. ती म्हणती, आठवड्यातून दोनदा बस झाली. अंग चोळायचं न्हाई, पीठ तर बिलकुल लावायचं न्हाई."

"तिला म्हणावं, माह्या हातची लेकरं बघ येऊन. अंग आखडलंय पोरीचं, म्हणून रडती. मी सांगते तसं कर. पाय पसरून बस."

"इथं न्हाणी न्हाई, माय. टब हाये."

"मंग टबात बस."

शीतलनं फोन बेसिनवर टेकवला आणि भिंतीला धरून टबात उतरली. मालनबाई नंदाबाईच्या नातवावर दाखवत गेली. "हे बघ. पाय जोडून घे. तिचं डोकं पावलांकडं. मान तळहातावर. आता पाठीला तेल."

"माय, टाके ओढून राह्यलेत."

शीतलचं पोट फाडून बाळंतपण झालं होतं. मालनबाईला ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "जरा सोस. जल्दी होतं."

शीतलनं पाणी सोडलं. पोर दचकली आणि तेलकट अंगानं पायांवरून घसरली. शीतल किंचाळली. मालनबाईनं झटक्यानं हात पुढे केला. तो फोनला लागला आणि फोन फरशीवर पडला.

नंदाबाईनं आधी आपला नातू उचलून घेतला, मग फोन. तिनं शीतलला परत लावला; लागत होता, पण पलीकडे कुणी उचलत नव्हतं. जावई अंगदचाही लागेना. कामावर त्याला फोन कपाटात ठेवावा लागे. शेजारी कोण राहतं, सुईणीचं नाव काय, मालनबाईला काहीच माहीत नव्हतं. शहराचं नावसुद्धा तिला धड उच्चारता येत नव्हतं.

"अजून एकदा लावा," ती म्हणत राहिली.

दीड तासानं फोनवर शीतलचा बोलून पाठवलेला निरोप आला. नंदाबाईनं तो ऐकवला.

"माय, पोरगी बरी हाये. टबाला कपाळ लागलं, थोडं टेंगूळ आलंय. सुईण येऊन बघून गेली. हे कुणी शिकवलं म्हणून विचारत होती. म्या म्हणलं, माह्याच मनानं केलं."

मालनबाईनं तो निरोप पुन्हा लावायला सांगितला नाही. पदराला हात पुसत ती घरी गेली. चार दिवस तिनं फोन केला नाही. नंदाबाईकडेही ती गेली नाही. अंगात कणकण आहे, असं कळवलं.

पाचव्या दिवशी शीतलचाच फोन आला. तिथं सकाळ होती. सुईण टेबलाशी उभी होती, बाह्या दुमडलेली एक उंच बाई. टेबलावर बादलीसारखा छोटा टब होता आणि त्यात पोर गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. रडत नव्हती.

"बराबर करून राह्यले का, माय?"

मालनबाईनं पोरीच्या मानेखालचा शीतलचा हात पाहिला. अंगठा जरा वर हवा होता.

"बराबर," ती म्हणाली.

शीतल हसली. मग टॉवेल घ्यायला तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. पडद्यावर नुसतं छत उरलं. पाण्याचा आवाज येत होता. शीतल लाडात येऊन पोरीशी बोलत होती, तिथल्या भाषेत. सुईण मधेच एखादा शब्द सुधारून देई आणि शीतल तो पुन्हा म्हणे.

मालनबाईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फोन दोन्ही हातांत धरून ती त्या पांढऱ्या छताकडे बघत बसून राहिली.